आपसूक उगवलेलं आंगण

आमच्या रिठद गावात माह्या जाऊबाईसारखी हट्टी बाई दुसरी नाही, आन् म्या तिची तारीफच करून राह्यली, हे ध्यानात ठेवा. तुळसाबाई निंदणाले बसली का वावरात तणाचं पान ठेवत नाही. पण घरच्या आंगणात कोणाले खुरपं लावू देईन तं शपथ! तेरड्याची बोंडं फुटू द्याची, गुलबक्षीचं काळं बी पडू द्याचं, कोंबड्याच्या फुलाचं वाळलं झाड उभंच ठेवाचं. म्या म्हनलं, "अवं, हे आंगण हाये का रान?"

"ज्याले जिथं उगवा वाटते तिथं उगवू दे न व. तुह्या बापाचं काय जाते?"

आन् खरंच, दरसाली फुलं पुढं सरकली. ओट्यापासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून पार रस्त्यावर. लाल, जांभळी, पिवळी! माय व, डोळे निवत. येणारी-जाणारी बाई थांबल्याशिवाय राहे नाही.

मागच्या साली झेंडूवर माव्याची कीड पडली. तिचे मालक, म्हणजे आमचे भासरे दौलतराव, तिले खूश कराले गेले. सोयाबीनात तणनाशक मारलेला पंप तसाच, न धुता उचलला, त्यात माव्याचं औषध घातलं आन् सारं आंगण फवारलं. दोन-चार रोजात सारं करपलं.

तुळसाबाई रडली नाही, भांडली नाही. नवऱ्याशी बोलणंच बंद केलं. जेवण वाढे, पण तोंडातून शब्द नाही. भासऱ्यांनं नवी रोपं आणली, तिनं पाह्यलंही नाही. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. मानूस पार सुकून गेला. मले लय वाईट वाटे.

औंदा पाऊस पडला. एका सकाळी भासरे वावरात निघाले अन् पायरीवरच थांबले. मातीत पडून असलेलं जुनं बी उठलं होतं! आंगणभर कोंब, पायरीच्या फटीतही कोंब. जल्मभर असेच कोंब उपटणारा मानूस एक पाय वर धरून उभा.

"अवं," ते म्हणाले, "पाय कुठी ठेवू?"

म्या माह्या दारातून पाहून राह्यली होती. तुळसाबाई बाहेर आली. आंगणाकडं पाह्यलं, मग त्यांच्याकडं.

"कुठीच नका ठेवू," म्हणे. "मागं फिरा. चहा मांडते. वावर काई पळून नाही जात."