गाडी गेली असं वाटलं

घरोघरी जाऊन पेशंटकडून व्यायाम करून घेणं हे तिचं काम. दिवसभर गाडीवर. जुनी पेट्रोलची गाडी आता रोज रडवत होती, म्हणून घरात एकच विषय चालू होता: पेट्रोल, हायब्रिड की इलेक्ट्रिक?

"तुझं फिरणं सगळं जवळपासचं. घरीच चार्जिंगला लावायची आणि निघायचं," नवरा म्हणायचा. तो गणिताचा मास्तर, त्याचा हिशोब पक्का होता.

तिच्या वडिलांना विचारलं तर ते हसायचे. "जावईबापू, मला कशाला विचारता? मी थोडीच चालवणार आहे!"

काचबिंदूने बाबांची नजर गेली, त्याला बरीच वर्षं झाली होती. आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस, कान तयार होते. कोपऱ्यावरच्या दुकानात एकटे जायचे. कुणी हात धरला की चिडायचे.

नवऱ्याने वापरलेली एक इलेक्ट्रिक गाडी चालवून बघायला आणली. हळू चालताना, मागे घेताना लोकांना कळावं म्हणून वाजणारा तिचा भोंगा बंद पडला होता. "दुरुस्त करून देऊ," विकणारा म्हणाला होता.

सकाळी ती गाडीत बसली, दार लावलं, फोनवर पेशंटचा पत्ता पाहिला. मग आरशात नजर टाकून गाडी मागे घेतली.

चाकाखाली काहीतरी कडकन मोडलं.

तिने ब्रेक दाबला. पाय तिथेच थिजला. उतरायचं होतं, पण उतरल्यावर काय दिसेल या विचाराने दाराला हात लागेना.

मागच्या काचेवर कुणीतरी टकटक केलं.

ती उतरून मागे धावली. बाबा डिकीला हात टेकवून उभे होते. त्यांची काठी चाकाखाली दोन तुकडे होऊन पडली होती.

"तू अजून इथेच?" त्यांनी विचारलं. "दाराचा आवाज आला, मग काहीच नाही. वाटलं, गाडी गेली. फाटक लावायला आलो."

तिला रडूही येईना. तिने फक्त त्यांचा दंड घट्ट धरला. त्या दिवशी ते चिडले नाहीत.

गाडी परत गेली. मग नवरा-बायको दोघं हायब्रिड बघायला शोरूममध्ये गेली. विक्रेता कौतुकाने सांगत होता, "हळू चालताना ही बॅटरीवरच जाते, मॅडम. शेजारच्यालासुद्धा पत्ता लागत नाही."

"चल, निघू या," ती नवऱ्याला म्हणाली. त्यानेही हिशोब काढला नाही.

पेट्रोलचीच नवी गाडी दारात आली. बाबांनी बॉनेटवर हात फिरवला. "माझ्यासाठी घेतलीत ना?" ते म्हणाले. आवाजात आनंद नव्हता. "आणि अख्ख्या गल्लीला सांगणार आहेस का, पेट्रोलचीच घ्या म्हणून?"



पुढे समोरच्या दातांच्या डॉक्टरांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. मग दूधवाल्याने तसलीच स्कूटर. त्यांचे भोंगे धड होते, पण गल्लीच्या गोंगाटात टायरांची सरसर तेवढी कानावर यायची, तीही गाडी जवळून गेल्यावर.

आज ती कामाला निघाली तेव्हा बाबा फाटकाबाहेर उभे होते. नवी काठी पुढे करत होते, मागे घेत होते. मान एकदा इकडे, एकदा तिकडे. रस्ता तर रिकामा होता. ती गाडीतून उतरून त्यांच्याजवळ गेली.

पावलं ओळखून त्यांनी हात पुढे केला आणि दबक्या आवाजात विचारलं, "आता जाऊ का गं?"