मुकुटाखालचं भोक

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. टेबलावर मध्ययुगात संत झालेल्या एका राणीची मूर्ती होती आणि तिच्या डोळ्यांतून खरोखर पाणी ओघळत होतं. शेजारी अश्रूबाबा चमच्यात थेंब धरून सांगत होता, "आई रडते ती तुमच्यासाठी. तिच्या आसवांपुढे डॉक्टरांचं औषध म्हणजे नळाचं पाणी."

मागच्या रांगेत मध्ययुगबाई मान खाली घालून बसल्या होत्या. हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. मध्ययुगातले चमत्कार हा त्यांचा विद्यापीठातला विषय. इतिहास त्या शिकवायच्या, रसायनशास्त्र दुसरे सर, आणि जुन्या लबाड्या वर्गातच करून बघायच्या अशी त्यांची पद्धत. अश्रूबाबा त्याच वर्गातला, सगळ्यांत हुशार. रडणारी मूर्ती त्यानं पहिल्यांदा घडवली ती बाईंसमोर, आणि बाईंनी कौतुकानं टाळ्या वाजवल्या होत्या.

बाबाची करामत त्यांनी बघताक्षणीच ओळखली होती. पण विभागाची अब्रू जाईल म्हणून तोंडाला कुलूप लावलं. त्यांच्या थोरल्या बहिणीला काचबिंदू होता. तिनं बाबाच्या नादी लागून डॉक्टरांचे थेंब सोडले आणि आता तिला कडेचं दिसेनासं झालं होतं. तीच आज बाईंना ओढून घेऊन आली होती.

"ताई, चल घरी."

"थांब गं. हे खोटं असतं तर तू बोलली नसतीस का? एवढी शिकलेली तू."

बाई उठल्या आणि थेट टेबलापाशी गेल्या.

"बाई, तुम्ही?" अश्रूबाबाची बोबडी वळली. "मुकुटाला हात लावू नका, आई कोपेल."

"कोपू दे. कोपायला हवं ते माझ्यावरच."

त्यांनी मुकुट काढला. खाली भोक होतं. मूर्ती आडवी करताच भडाभडा पाणी सांडलं.

"मूर्ती आतून पोकळ, माती पाणी शोषणारी. बाहेरून काचेसारखा लेप. तो फक्त डोळ्यांच्या कोपऱ्यात खरवडलाय, म्हणून पाणी तिथूनच झिरपतं. नळाचं पाणी ते हेच. लबाडी ओळखता यावी म्हणून ही युक्ती मीच शिकवली, आणि ओळखल्यावर मीच गप्प बसले."

ताई चाचपडत पुढे आली. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"गेलेली नजर परत येईल?"

"नाही, ताई. राहिलेली वाचेल." बाईंना रडू आवरेना, तरी त्या लोकांकडे वळल्या. "औषध सोडायला सांगेल त्याला आधी मुकुट काढायला लावा. आणि माझ्यासारखं कुणी जाणतं गप्प असेल, तर त्यालाही जाब विचारा."

ताईनं त्यांचा दंड घट्ट धरला.

"आधी डॉक्टरांकडे ने," ती म्हणाली. "तुझ्याशी नंतर बोलते."