नानांच्या हातची घडी

हात जरा लांब ठेवा, अजून गरम आहे. मी नानांची इस्त्री बोलतेय. आमच्या इंदूरला मला प्रेस म्हणतात, पण कुठल्याही नावानं उचललं तरी वजन तेवढंच. हल्लीच्या हलक्या, फुस्स करून वाफ सोडणाऱ्या इस्त्र्यांतली मी नाही. माझं बूड जाड आहे आणि स्वभाव तापट, हे आधीच सांगून टाकते.

जन्म सांवेर रोडच्या एका शेडमधला. तिथेच जवळ पंपांच्या कारखान्यात नाना स्टोअर सांभाळायचे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी मला घरी आणलं. शारदाबाईंना वाटलं, आपल्यासाठीच. त्यांनी मला हळदकुंकू वाहिलं आणि उचलायला हात पुढे केला, तर नाना म्हणाले, "शारदा, ही माझी. तू फक्त नेसायचं काम कर." त्यानंतर बाईंनी मला कधी हातात धरलं नाही.

नानांचं लहानपण महूचं, वडील छावणीत कारकून. परेडला निघालेल्या जवानांचे कडक कपडे बघत हे पोर मोठं झालं आणि इस्त्रीचं वेड घेऊनच इंदूरला आलं. रविवारी सकाळी ते जेवणाच्या टेबलावर जुनी चादर दुमडून अंथरायचे, कपड्यांवर पाणी शिंपडून त्यांची गुंडाळी करून ठेवायचे आणि ओल्या बोटानं मला चटकन शिवून बघायचे. मी चर्र म्हटलं की काम सुरू. शारदाबाई समोर भाजी निवडत बसायच्या. दोघांचं आठवडाभराचं बोलणं तेवढ्या वेळात व्हायचं आणि मी आपली ऐकत पुढेमागे करायची.

नानांना क्रीज पाडल्याशिवाय चैन नसे. पायजम्याला क्रीज, हातरुमालाला क्रीज, उशीच्या अभ्र्यालासुद्धा. मुलगा अभिराम कॉलेजात गेला, तेव्हा त्यांनी त्याच्या जीन्सलाही सोडलं नाही. मित्रांनी विचारलं, "क्या भिया, जीन्स पे भी क्रीज?" बिचारा रोज गल्लीच्या टोकाला जाऊन पाण्यानं मांड्या चोळायचा आणि ओली जीन्स घालून कॉलेजला जायचा. नानांना ते कळलं होतं. पुढच्या रविवारपासून ते त्याच्या जीन्सवर मला जरा हलक्या हातानं फिरवू लागले, पोराला चोळायला कमी लागावं म्हणून. क्रीज मात्र सोडली नाही.

मग सून आली, अमिता. अन्नपूर्णा मंदिराजवळच्या शाळेत शिकवायची. सासरे आपली साडी इस्त्री करताहेत हे बघून ती धावतच आली आणि साडी ओढायला लागली. "नाना, प्लीज, असं नका करू. मला खूप ऑड वाटतं." नानांनी मला उभं ठेवलं. "तुला शाळेत लवकर जायचं असतं, मला कारखान्यात उशिरा. सकाळी मोकळा कोण?" काही महिन्यांनी तीच आदल्या रात्री साडी काढून ठेवायला लागली.

या घरात एक रीत होती. नवी साडी आणली की ती आधी आपल्या माणसाला नेसायला द्यायची, घडी मोडायला. शारदाबाईंच्या नव्या साडीची घडी अमितानं मोडायची, अमिताच्या साडीची शारदाबाईंनी. आणि दसऱ्याला नाना कपाटातल्या सगळ्या रेशमी साड्या बाहेर काढायचे, उलगडायचे आणि वेगळ्या ठिकाणी दुमडून पुन्हा ठेवायचे. एकाच घडीत खूप दिवस राहिलं की रेशीम तिथेच तुटतं.

नानांच्या किडन्यांनी दगा दिला तेव्हा घर हादरलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. नानांनी एकच हट्ट धरला, जायचं ते इस्त्रीचा शर्ट घालून. सुया टोचायचा डावा हात जपायला सांगितला होता, उजवा माझ्यासाठी राहिला. स्टुलावर बसून एक शर्ट करायचे आणि दम घ्यायचे. एका रविवारी अभिरामनं गुपचूप आपली जीन्स त्यांच्यापुढे ठेवली. "नाना, क्रीज चांगली कडक हवी," म्हणाला. एवढा मोठा झालेला माणूस, ती जीन्स तशीच घालून बाहेर हिंडून आला. त्या दिवशी नाना किती खूष होते, ते मी त्यांच्या हातावरून ओळखलं.

लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी शारदाबाईंसाठी महेश्वरी साडी आणवली. आदल्या दिवशी वर सुती कापड ठेवून, थांबत थांबत, सबंध सकाळ तिच्यावर घालवली. घडी बाईंच्या हातात देत म्हणाले, "उद्या अमिताला दे, मग तू नेस." संध्याकाळी त्यांना श्वास लागला. हॉस्पिटलमधून ते परत आले नाहीत.

साडी तशीच राहिली. मला माळ्यावर ठेवलं, स्टीमवाली आली. माळ्यावरून कपाट समोरच दिसायचं. शारदाबाई मऊ धोतरात गुंडाळलेली ती साडी काढायच्या, घडीच्या कडेवरून बोट फिरवायच्या आणि परत ठेवून द्यायच्या. दसरा आला आणि गेला. एकही साडी कोणी उलगडली नाही. माझा जीव तिथे तुटत होता, पण वायर गुंडाळून ठेवलेली इस्त्री काय करणार?

वर्षश्राद्ध झालं. नात अबोलीला कॉलेजच्या फेअरवेलसाठी साडी हवी होती. कपाट धुंडाळताना ते धोतर तिच्या हाती लागलं.

"त्याला हात लावू नकोस," शारदाबाई म्हणाल्या.

अबोली घडीची कड उजेडात धरून बघत होती. "आजी, नाराज नको होऊस. पण ही लाइन बघ ना. धागे खुलताहेत इथे. अशीच ठेवली तर फाटून जाईल."

"ह्यांच्या हातची घडी आहे. मोडली की गेली."

दारात उभी असलेली अमिता हळूच म्हणाली, "आई, नाना तर दर दसऱ्याला मोडायचेच ना? साडी टिकावी म्हणून."

शारदाबाईंनी साडी आपल्या मांडीवर घेतली आणि त्या कडेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी ती साडी उचलली आणि अमिताच्या हातात दिली. "घे. घडी मोडून दे."

अमिता ती नेसून शाळेत गेली. नेसताना रडली, पण गेली. संध्याकाळी आली तेव्हा शारदाबाईंनी तिला सगळीकडून फिरून बघितलं आणि म्हणाल्या, शोभते हो तुला.

रविवारी त्यांनी अभिरामला मला माळ्यावरून काढायला लावलं. तो म्हणाला, स्टीमवाली आहे ना, आई. त्यांनी त्याच्यापुढे स्टूल सरकवलं. त्यानं वायर तपासली, बटण दाबलं. माझा लाल दिवा लागला तेव्हा मलाच हायसं वाटलं. शारदाबाईंनी चादर अंथरली. जन्मात कधी मला न धरलेल्या बाईनं बोट ओलं करून मला शिवलं. मी चर्र म्हटलं. त्यांना चटका बसला आणि त्या हसल्या.

महेश्वरीची नवी घडी वेगळ्या ठिकाणी घातली. जुन्या रेषा मी एकेक करून पुसल्या, पण पदराजवळची एक काही केल्या जाईना. अभिराम आणखी पाणी शिंपडायला निघाला.

"ती राहू दे," शारदाबाई म्हणाल्या.

माझं म्हणणं एवढंच. तुमच्याकडेही कुणाच्या हातची अशी घडी जपून ठेवलेली असेल. ती उलगडा. नेसा, घाला, चुरगाळू दे. ज्यानं ती घातली त्यानं वापरण्यासाठीच घातली होती. मला असा माणूस आयुष्यभर मिळाला, याहून एका इस्त्रीला काय हवं?

बरं, आता बोलणं पुरे. शारदाबाईंनी मला परत उचललंय आणि टेबलावर अभिरामची जीन्स आली आहे.

"आई," तो म्हणतोय, "क्रीज चांगली कडक हवी."