न वाचता दिलेलं ‘होय’

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. ‘मित्रांनो’ म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. मैत्री वगैरे आपल्यात काही नाही.

रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, खिडकीखालच्या टेबलावर माझा जन्म गेला. मला चालवणारी प्रणाली म्हणजे लिनक्स, डेबियन जातीचं. लिनक्सच्या जाती पुष्कळ आणि प्रत्येकीची प्रोग्रॅम आणायची तऱ्हा निराळी. प्रोग्रॅम पॅकेजात बांधून भांडारात ठेवलेले असतात. आमच्या स्थिर भांडारात नवं सहसा येत नाही. आहे त्यातल्या चुका, सुरक्षेतली भोकं तेवढी बुजवतात. आर्च नावाच्या दुसऱ्या जातीचे लोक सतत ताजं घेतात, पण घ्यायचं तर सगळं एकदम. डेबियनचंही ताज्या मालाचं वेगळं भांडार असतं. त्याची आणि स्थिर भांडाराची सरमिसळ मात्र करायची नसते.

शेजारच्या रक्त तपासायच्या यंत्राकडून आकडे घ्यायचे आणि छापायला द्यायचे, हे माझं काम. त्या यंत्राला स्वतःचा पडदा नाही; आकडे दिसायचे ते माझ्याचकडे. वर्षानुवर्षं कधी अडलो नाही. कौतुक म्हणाल, तर प्रयोगशाळेच्या मालकीण डॉक्टरीणबाई माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवायच्या.

मग बाईंचे जावई आले. त्यांना रिपोर्ट देखणे हवे होते.

“काय हे मागच्या जन्मातलं सॉफ्टवेअर!” असं म्हणून त्यांनी छपाईच्या एका नव्या प्रोग्रॅमपायी ते ताजं भांडार मला जोडलं. नव्या प्रोग्रॅमला नव्या लायब्ऱ्या, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ते सामायिक तुकडे, हव्या होत्या. यंत्राशी बोलणाऱ्या माझ्या जुन्या प्रोग्रॅमचं त्यांच्याशी जमेना. मी पडद्यावर स्वच्छ विचारलं, हा काढावा लागेल, काढू? जावईबापूंनी वाचलंसुद्धा नाही. ‘होय’ दाबून मोकळे! मी काढला. विचारून काढला, लक्षात ठेवा.

बाहेर बाकावर एका रंगाऱ्याची आई उपाशीपोटी बसली होती. दुपारी तिचं ऑपरेशन होतं आणि रक्त नीट गोठतं की नाही, हे कळल्याशिवाय सर्जन हात लावणार नव्हते. यंत्र आकडे पाठवत होतं. मला काही म्हणता काही ऐकू येईना.

“ताई, कधीचे बसलोय हो,” रंगारी काकुळतीला आला.

“यंत्राचं झालंय, दादा. हा कॉम्प्युटरच घेत नाहीये,” तपासणीच्या ताई म्हणाल्या.

“डबडं आहे ते. भंगारात काढा,” जावई म्हणाले.

डबडं! अहो, निर्लज्जपणाला काही सीमा?

ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर गेलं. काढलेलं रक्तही इतक्या वेळात बाद झालं.

मित्रांनो, आम्हाला पुसू नका, गोंजारू नका, निरोपाला हळहळू नका. आम्ही काही विचारलं तर आधी वाचा, मेल्यांनो, आणि मग बोट उचला. बस.

दुसरीकडे तपासायला पाठवायचं म्हणून ताईंनी नवी सुई काढली.

“पुन्हा?” म्हातारीनं विचारलं आणि दुसऱ्या हाताची बाही वर केली.

तेवढ्यात जावईबापू नव्या छपाईचा कागद नाचवत आले. “बघा आजी, अक्षरं किती ठळक येतात आता!”

आजीनं कागद डोळ्यांजवळ धरला. तिचं नाव खरंच ठळक आलं होतं. खाली आकड्यांची जागा कोरी होती.