आगीलाही श्वास लागतो

"बटण धर, बटण!" आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली आणि स्वतःच्या स्वेटरचं वरचं बटण तिनं चिमटीत पकडलंसुद्धा. काळ्या कोटातला गेरार्ड खांद्यावर ब्रशाची गुंडाळी टाकून फाटकातून आत येत होता. धुराडी साफ करणारा दिसला की बटण धरायचं, वर्ष भाग्याचं जातं.

लुत्सिनाच्या जाकिटाला नुसती चेन होती.

"शहरात राहून बटणंपण हरवलीस का गं?" गेरार्ड हसला. "देव भलं करो, वहिनी. एर्विनचा राक्षस आज निघतोय म्हणे!"

"निघू दे बाबा. माणूस गेला, आता त्याचं धूड ठेवून काय करू? नवा भिंतीवर टांगतात. कोळसा नको, राख नको, खर्च निम्मा."

लुत्सिनाच्या बाबांची, एर्विनची, एकतीस वर्षं खाणीत गेली आणि पुढची अठरा तळघरात, घर तापवणाऱ्या या कोळशाच्या बॉयलरसमोरच्या खुर्चीत. बदलायची गोष्ट काढली की तो म्हणायचा, "नवा कमी खाईल, कबूल. पण मी बोलू कुणाशी?" गेल्या जानेवारीत तो त्याच खुर्चीत गेला. डॉक्टरांनी हृदय लिहिलं. चौऱ्याहत्तर वय, छातीत खाणीची धूळ; कुणी काही विचारलं नाही. शवपेटीपाशी बायका म्हणाल्या होत्या, "गाल बघा कसे लाल, नवरदेवासारखे!" लुत्सिना वर्षभर त्या गालांच्या आधारावर जगली होती. त्या दिवसापासून बॉयलर पेटला नव्हता. आईला तिनं तेव्हाच आपल्याकडे नेलं होतं. परवाच दोघी परतल्या.

तळघरात दोन कामगार नळ सोडवत होते. धुराडं तपासून गेरार्डनं सही दिल्याशिवाय नवा बॉयलर लावता येत नव्हता. त्यानं विजेरी मारून वर पाहिलं. "धुराडं तर चकाचक आहे. एर्विनचंच काम." मग त्यानं बॉयलरच्या दारावरून बोट फिरवलं, आणि काळं झालेलं बोट विजेरीपुढे धरलं.

"काजळी दाराबाहेर कशी आली?"

त्यानं भिंतीवरून विजेरी फिरवली.

"हवा कोंडली की आग बिनवासाचं विष सोडते. माणूस लाल गालांनीच झोपेत जातो. हवेचा झरोका कुठाय?"

"तो काय," एक कामगार म्हणाला. "जाळी स्वच्छ आहे की."

गेरार्डनं जाळीपुढे काडी ओढली. ज्योत सरळ उभी राहिली, जराही हलली नाही. तो बाहेर, घरामागे निघाला. लुत्सिना त्याच्यामागून गेली.

जाण्याआधीच्या नाताळात बाबा खोकत होते. झरोक्यातून थंडगार वारा थेट त्यांच्या गुडघ्यांवर यायचा. "बुजवू का?" तिनं विचारलं होतं. ते एकदम खेकसले, "आगीलाही श्वास लागतो, पोरी! खाणीत हे पहिलं शिकवतात." मग ती गुपचूप घरामागे गेली आणि आपला जुना मफलर तिनं बाहेरून, हात पुरेल तिथवर, आत कोंबला. आतून दिसू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी भिंतीला कमरेएवढं बर्फ लागलं. तीन आठवड्यांनी फोनवर बाबा म्हणाले, "आज आग मंद आहे गं. डोकंही धरलंय." ती म्हणाली, "जुना झालाय तो. उन्हाळ्यात बदलूच आपण."

गेरार्डनं बाहेरून झरोक्यात आकडा घातला, पिळला, ओढला. आधी काळी झालर आली, मग निळी-पांढरी लोकर, हातभर, मग आणखी हातभर. मफलर आईनंच विणलेला होता, लुत्सिना सातवीत असताना.

"हे कुणी कोंबलं?" त्याचा आवाज अगदी खाली आला होता.

"मी." वरून, स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीतून आई म्हणाली. "त्यांच्या गुडघ्यांना वारा लागायचा."

गेरार्डनं खिडकीकडे पाहिलं. मग घरामागे उतरणाऱ्या पाच दगडी पायऱ्यांकडे. कमरेचं हाड मोडल्यापासून चार वर्षांत आई त्या पायऱ्या उतरली नव्हती, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. लुत्सिनाकडे मात्र त्यानं पाहिलं नाही. टोपी काढली, परत घातली.

"माणसाच्या हातून होतं, वहिनी," तो म्हणाला, आणि ब्रश गुंडाळत बसला. गुंडाळलेलाच होता तो.

दुपारी राक्षस तुकड्यातुकड्यांनी बाहेर गेला. नवा उद्या सुरू होणार होता. घर अजून गारठलेलंच होतं. आईनं मफलर खिडकीबाहेर धरून कठड्यावर आपटला. काजळी उडाली, पण रंग परतला नाही.

"आई, मी त्या दिवशी..."

"ये इकडे."

लुत्सिना गेली. आईनं शाळेत पाठवताना घालायची तसाच मफलर तिच्या गळ्याभोवती दोनदा फिरवला, टोकं पुढे घेतली, गाठ मारली.

"थंडी आहे," ती म्हणाली.

गाठ जरा जास्तच घट्ट बसली होती. लुत्सिनानं ती सैल केली नाही.