चौथी कात

पेडगावच्या शिवारात तुतीच्या रानाला लागून माणिकरावांचं रेशीमकिड्यांचं शेड आहे. शेड सासऱ्याचं, आतला कारभार सुनेचा. रुपालीनं दहा दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं आणि हे तिचं पहिलंच पीक.

त्या सकाळी ती रॅकवर भुरभुरायला चुन्याच्या पुडीचं घमेलं घेऊन आली, तर दारात बन्सीधर फावडं घेऊन उभा. त्याचं शेड बांधापलीकडं. मागच्या हंगामात रोग येऊन त्याच्या साऱ्या आळ्या गेल्या होत्या.

“मेल्यात की सगळ्या!” तो माणिकरावांना सांगत होता. “कालचा पाला वाळून चाललाय, एकीनं तोंड लावलं न्हाई. खड्डा करून गाडा, न्हाईतर माझ्याकडं येतोय हा रोग.”

माणिकराव रुपालीकडं वळले. “हालत न्हाईत ग पोरी. हात लावला तरी न्हाई.”

रुपालीनं घमेलं खाली ठेवलं आणि दोन्ही हात चौकटीला लावून दार अडवलं.

“हात कशाला लावलात मामा? कात टाकायल्यात त्या, चौथी. दिवस-दीड दिवस खायच्या न्हाईत, हालायच्या न्हाईत. जागच्या हलवल्या तर कात अंगावरच अडकते आन् मग खरंच मरत्यात.”

“बाई, मी तीन साल ह्या धंद्यात हाय,” बन्सीधर म्हणाला.

“मग रोगी आळी वळखा की काका! ती एका जागी बसत न्हाई, कडंकडंनं फिरत सुटते. सांधे सुजत्यात. पाय टोचला की दुधावाणी पांढरं गळतं. या, दाखवते. फावडं बाहेर ठेवा आन् पायताण काढा.”

“देवळात चाललो का काय?”

“तसंच समजा.”

आत रॅकवर हजारो आळ्या पुढचं अंग उचलून स्तब्ध बसल्या होत्या. कातडी ताणून चकचकीत झालेली. रुपालीनं बोट न लावता दाखवलं: जुन्या इवल्याशा डोक्यामागं कातडीखाली नवं, मोठं डोकं तयार होत होतं. मग “माफ कर ग माय” म्हणत तिनं एकीचा पाय टाचणीनं टोचला. थेंब आला तो निवळ, पाण्यासारखा.

“एकीवरून काय कळतंय?” बन्सीधर गुरगुरला.

“काढूनच टाकू ग,” माणिकराव कळवळले. “दोन्ही शेडं जातील.”

“मामा, काल कीर्तनात तुमी दोन तास मान वर करून बसला होता. महाराजांनी नामाचा महिमा लावला, तुमची पापणी लवली न्हाई. तवा कुणी म्हणलं असतं, हा माणूस मेला, गाडा ह्याला?”

माणिकराव मिशीत हसले. रुपाली मात्र हसली नाही. ती बाहेर येऊन उंबऱ्यावर मांडी घालून बसली.

“गाडायचंच असंल तर आधी मला उचला. उद्या दुपारपर्यंत हे दार माझं.”

“सुनेनं सासऱ्याचं दार अडवलं! गावात सांगतो बघ.”

“सांगा की. नाव तेवढं बरोबर सांगा, रुपाली.”

दुसऱ्या दिवशी दुपारी पुढच्या रॅकवर कातडी डोक्याकडून फाटली आणि सुरकुतलेली कात मागं टाकून आळ्या बाहेर सरकल्या. माणिकराव पाल्याची पाटी घेऊन धावले.

“उठल्या ग, उठल्या! लय भुकेल्या असतील.”

“आत्ता न्हाई मामा.”

“आता काय झालं?”

“मागच्या दोन रॅक अजून झोपल्यात. आत्ता टाकला तर ह्या फुगतील, त्या मागंच राहतील. मग कोष एका टायमाला व्हायचे न्हाईत. पंगतीत सगळ्यांना वाढून होस्तोवर तुमी घास उचलता का?”

माणिकराव पाटी काखेत धरून भिंतीला टेकले. तेवढ्यात बन्सीधर बांध ओलांडून आला. आळ्यांची वळवळ त्यानं दारातूनच पाहिली, खाली बघून जरा खाकरला.

“आता काय बघत बसलाव, माणिकराव? टाका की पाला.”

“मला काय इचारतोस?” माणिकराव म्हणाले. “मालकीण सांगंल तवा.”

मालकीण शेवटच्या रॅकपाशी वाकली होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.