हद्दीचा ओढा

या, बसा सावलीला. एक विचारतो, रागावू नका. दोन शेजारी आणि मधे वाहतं पाणी, यांत तुम्ही विश्वास कुणावर ठेवाल? पाण्यावर ठेवणार असाल, तर आधी माझी चौकशी करा. मी ओढा बोलतोय.

म्हसवडच्या पुढं, माळाच्या उतारावर माझा जन्म. मेंढरं रोज एकाच वाटेनं खाली उतरायची. खुरांनी वाट खोल झाली, पाण्याला तेवढंच हवं होतं. आधी बोटभर धार होतो, मग ओघळ झालो, आता गाडी बुडेल एवढा खोल आहे.

धंदा एकच: उतारावरची माती उचलायची, सपाटीला टाकायची. पाण्याला जोर असेतो माल पाठीवर, जोर सरला की तिथंच उतरवला. माझा गाळ माणगंगेतून पार आटपाडीकडं जातो. तिकडची माणसं तो तलावातून काढून खुशाल रानात पसरतात. ही कुणाच्या शेताची माती, असं आजवर एकानंही विचारलं नाही.

इथं मात्र विचारणारी आहे, भामाबाई. थोडी मेंढरं, माझ्या उजव्या काठाला डाळिंबं, आणि त्यांना पाजणारी एकुलती एक विहीर, तीही काठालगत. डावा काठ आणि वरचा उतार अर्जुनाचा. मधली हद्द मी. दोन्ही घरांच्या जुन्या माणसांनी ठरवलेलं. वाहत्याला हद्द केली! तेव्हाच मला हसू आलं होतं.

अर्जुनाच्या उतारावर दगडांची ताल होती, म्हणजे पाण्याला आडवा, माती अडवणारा बांध. ट्रॅक्टर वर जाईना म्हणून उन्हाळ्यात त्यानं ती मधोमध फोडली. वळायला सोपं म्हणून रानही उभंच नांगरलं. एकूणएक तास, म्हणजे नांगराची चरी, माझ्याकडं तोंड करून. एवढं आयतं कोण देतं? मला शंका आली. तरी घेतलं.

हस्ताचा पाऊस लागला. वरून इतकी माती आली की वळणावर मला ओझं पेलेना. डाव्या काठाला टाकली, तिचा ढीग झाला, माझीच वाट अडली. मग उजवीकडं वळलो आणि भामाबाईचा काठ खाल्ला. डाळिंबाची अख्खी ओळ गेली. विहीर दोन हातांवर आली.

सकाळी भामाबाई येऊन बघते, तर अर्जुनाच्या बाजूला जमिनीची नवी कोरी पट्टी!

"अर्जुना, जेसीबी कवा लावलास रं?"

"आवं मावशी, कसला जेसीबी? वड्यानं केलंय."

"वडा तुजा जावई हाय व्हय, नेमकं तुलाच द्याया?"

"हद्द वडाच हाय न्हवं? उद्या तुमच्याकडं सरंल."

"माजी हीर गिळून मग सरंल व्हय?"

ती चाकांच्या खुणा शोधत पट्टीवर उतरली. चाकं सापडली नाहीत. खाली वाकून तिनं माती मुठीत घेतली, तर मातीत लेंड्या.

"ही माज्या मेंढरांची हायत. खतासाटी तुज्या वरच्या रानात बसवली हुती. हितं कशी आली रं?"

अर्जुनानं मान वर करून उताराकडं पाहिलं. दोघं वर चढले. रानात उघडा मुरूम, आणि प्रत्येक तासाची ओघळ झालेली. पट्टीभर मिळवून त्यानं रानभर घालवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो तालीचं खिंडार बुजवायला लागला. भामाबाई समोर बसून.

"मावशी, घरी जावा की. करतोय न्हवं?"

"जाते. आदी दगूड बसव."

जुन्या हद्दीवर तिनं खुणेचे दगडही पुरून घेतले, तेही त्याच्याच हातानं. पुढच्या पावसात मी हलका आलो, विहिरीला शिवलो नाही. पण ट्रॅक्टर तालीपाशी आला की अजून थांबतो, घुटमळतो. माझं लक्ष आहे त्याच्यावर, आणि भामाबाईचं आम्हा दोघांवर.

तुम्हाला हात जोडून एवढंच सांगतो. खाली काय आलं ते मोजाल, तेव्हा वर चढून काय गेलं तेही धरा. हिशेब खरा ठेवा. खोट्या हिशेबावर मीच पोसलोय. माझं नुकसान करून सांगतोय, तेव्हा ऐका.